चार घराणी आयर्लंडची आणि आमची ती 'गावठी'

गोव्यातल्या सुशिक्षित मराठी घरात फेणीची बाटली असते ती औषधांच्या कपाटात, आणि व्हिस्कीची असते ती दिवाणखान्यात. सर्दी झाली की चमचाभर फेणी, पोराच्या छातीला चोळायला फेणी, आजीचे गुडघे धरले तर फेणी. पाहुणा आला, बढती मिळाली, मुलीचे लग्न ठरले की मात्र व्हिस्की! हा नेम आमच्याकडे इतका पक्का झाला आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. मला वाटते, आणि बरेच दिवस वाटते आहे. लिहायला निमित्त मिळाले ते मात्र गोव्यापासून फार लांब, ग्वाल्हेरला.

तानसेन समारोहासाठी डिसेंबरात आम्ही चार गोंयकार तिकडे गेलो होतो. ग्वाल्हेरची मराठी वस्ती म्हटली की लष्कर डोळ्यांसमोर येते. पण आमचे यजमान राहतात किला गेटला, अगदी किल्ल्याच्या पायथ्याशी. गच्चीवर गेले की डोक्यावर किल्ल्याची काळी भिंत, जवळच गुजरी महाल, आणि तानसेनची समाधी चालत जाण्याच्या अंतरावर. यजमान निवृत्त प्राध्यापक, बोलण्यात हिंदीचा गोड हेल असलेले जुने ग्वाल्हेरी मराठी. त्यांची मुलगी आणि जावई डब्लिनला नोकरीला. येताना दोघांनी मिळून चार बाटल्या आणलेल्या, चारही आयर्लंडच्या, आणि चारही वेगवेगळ्या जातीच्या. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. प्राध्यापकांनी शालीतून हात बाहेर काढून छोटे पेले मांडले आणि वर्गात फळ्यासमोर उभे राहावे तसे समजावून सांगायला सुरुवात केली.

पहिली 'ग्रेन'. टीलिंग नावाच्या डब्लिनच्या घराची. मुख्य धान्य मका; उंच स्तंभासारख्या यंत्रातून अखंड धारेने काढलेली आणि वाइनच्या पिंपात मुरवलेली. हलकी, गोडसर, लाल फळांचा किंचित वास. घशाखाली गेली की गेली. दुसरी जेमसन, म्हणजे 'ब्लेंड': पॉट स्टिलमधली आणि ग्रेन यांचे मिश्रण. जगभर आयरिश म्हणून जी खपते ती बहुतेक याच जातीची. गुळगुळीत, सभ्य, कोणाशी भांडण नाही. तिसरी बुशमिल्स, दहा वर्षांची, नुसत्या मोड आणलेल्या जवाची, म्हणजे 'माल्ट'. तीनदा उकळलेली. मधाचा आणि पिकल्या सफरचंदाचा वास पेला नाकाशी नेताच येतो.

चौथीसाठी प्राध्यापक जरा थांबले. रेडब्रेस्ट, बारा वर्षांची, 'सिंगल पॉट स्टिल'. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची. पॉट स्टिल म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळलेली, आणि तीही मोड आलेल्या व न आलेल्या अशा दोन्ही जवांची. हा कच्चा जव हीच सगळी गंमत. तोंडात घेतली की साजूक तुपाचा थर बसावा तशी जीभ जाड होते, मग सुंठ येते, मिरी येते, सुकामेवा येतो, आणि सगळे गेल्यावर मागे कच्च्या धान्याचा एक उग्र धागा राहतो. तो धागा मला फार आवडला. ब्लेंडमध्ये तो शोधावा लागतो, ग्रेनमध्ये तर नाहीच.

आमच्यात एक जुने संगीतरसिक होते. त्याच दिवशी सकाळी समाधीपाशी एका गवयाने दोन आवर्तने घेतली न घेतली तोच त्यांनी माझ्या कानात सांगितले होते, "मांडणी ग्वाल्हेरची आहे, पण लयीशी खेळणे आग्र्याचे." असा हा कान. आणि जीभही तशीच! चार पेल्यांतला फरक त्यांनी आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखला. पॉट स्टिल म्हणजे आग्रा, ग्रेन म्हणजे सुगम, असे काहीतरी म्हणाले, सगळे हसले.

तेवढ्यात प्राध्यापकांनी सहज विचारले, "भाऊसाहेब, तुमच्याकडे ती फेणी असते ना, ती यातल्या कुठल्या खान्यात बसेल?"

आमचे रसिक ताडकन म्हणाले, "ती कसली बसते! ती आपली गावठी. किरिस्तांवांची. वास असा येतो की दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसता येत नाही."

प्राध्यापकांना पुढे काय विचारावे ते कळेना. विषय संपला आणि पुन्हा रेडब्रेस्ट फिरली. मी त्या रात्री वाद घातला नाही, पाहुणे होतो. आता घालतो.

गावठी म्हणजे काय? गावात बनते ती गावठी, असे असेल तर बुशमिल्स हे उत्तर आयर्लंडमधल्या एका खेड्याचेच नाव आहे. खेड्याचे नाव बाटलीवर छापले की तिथे त्याची किंमत वाढते आणि इथे सत्तरीचे, काणकोणचे नाव घेतले की उतरते, हा न्याय कुठला? पण गावठी हा शब्द आमच्या तोंडी आला तो काही चवीवरून आला नाही. तो अबकारी खात्याच्या वहीतून आला. इंग्रजांनी मद्याचे दोन रकाने केले, एक 'देशी' आणि एक 'विदेशी'. मुंबई इलाख्यात तर 1892 मध्ये मोहाच्या नुसत्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला, कारण घरोघरी चूल पेटली की सरकारचा महसूल बुडत होता. इंग्रज गेले, रकाने राहिले. गोव्यात पोर्तुगीज होते, इंग्रज नव्हते. तरी मुक्तीनंतर 1964 च्या अबकारी कायद्याबरोबर ती वही आमच्याकडेही आली आणि फेणी 'देशी दारू'च्या रकान्यात जाऊन पडली. गोव्याबाहेर तिच्या विक्रीचा रस्ता त्यामुळे बंद झाला. आणि त्याच वहीत दुसरा रकाना पाहा: 'भारतात बनवलेली विदेशी दारू'. वाचकहो, हा शब्दप्रयोग एकदा मोठ्याने म्हणून पाहा! आमची बुद्धी कुठे गहाण पडली आहे ते त्या चार शब्दांत कळते.

बरे, त्या विदेशी रकान्यात असते काय? भारतात व्हिस्की म्हणून जी खपते तिचा फार मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभा आहे. त्यात थोडे माल्ट, कधी थोडी स्कॉच, रंगाला जळक्या साखरेचा पाक. युरोपात या द्रव्याला व्हिस्की म्हणून विकायला परवानगी नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच लागते. म्हणजे साखर कारखान्याच्या मळीचा पेला हातात धरून आमचा माणूस बोंडांच्या रसाला गावठी म्हणतो. गोव्यात आणि बाहेर अस्सल माल्ट बनवणारे आता आहेत, चांगले आहेत, त्यांच्याबद्दल हे नाही. दिवाणखान्यातल्या त्या नेहमीच्या बाटलीबद्दल आहे.

'किरिस्तांवांची' हे तर ऐकवत नाही. माडाची फेणी काजूच्या आधीची. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. माड आणि सूर त्यापूर्वीपासून इथे होते. माडावर चढून सूर काढणारा आमचा भंडारी हिंदूच होता ना? पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या डोंगरांवर बोंडे वेचणारे आणि भट्टी लावणारे कोण आहेत ते हंगामात एकदा जाऊन पाहावे. आणि नाव? जाणकार फेणीचे नाव फेनाशी, म्हणजे फेसाशी जोडतात. मद्य उंचावरून ओतले की फेसाचे मणी कसे बांधले जातात, किती वेळ टिकतात, यावरून भट्टीवाला तिची ताकद सांगायचा. शब्द संस्कृतातून आलेला, पारख डोळ्याची, आणि आम्ही ती सगळी दुसऱ्याच्या नावावर करून मोकळे.

गंमत म्हणजे आयर्लंडातही हाच मूर्खपणा चालतो. बुशमिल्स प्रोटेस्टंटांची आणि जेमसन कॅथलिकांची, असे अमेरिकेतल्या बारांतून छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात मूळचा जॉन जेमसन हा स्कॉटलंडहून डब्लिनला आलेला प्रोटेस्टंट! पेल्याला धर्म चिकटवणाऱ्यांना इतिहास लागत नाही.

आता त्या चौथ्या पेल्याची कथा सांगतो, कारण माझा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. आमच्या रसिकांनी ज्या कच्च्या जवाच्या धाग्याला दाद दिली तो जन्माला आला करचुकवेगिरीतून. मोड आणलेल्या जवावर सरकारने कर लावला, तेव्हा आयरिश भट्टीवाल्यांनी कर नसलेला कच्चा जव त्यात मिसळायला सुरुवात केली. काटकसरीची युक्ती होती, तिची शैली झाली. एकोणिसाव्या शतकात डब्लिनची पॉट स्टिल व्हिस्की जगात मानाची होती. 1830 मध्ये एनियस कॉफी याने अखंड चालणाऱ्या उंच यंत्राचे पेटंट घेतले. हा कॉफी स्वतः आयरिश, त्यातून अबकारी खात्यातला माजी बडा अधिकारी. त्याच्या यंत्रातून मद्यार्क निघे तो स्वस्त, भरपूर आणि जवळजवळ बिनचवीचा. डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी त्याला हात लावायला नकार दिला. जेमसनांची दोन घरे, पॉवर आणि रो, या चौघांनी 1878 मध्ये चक्क एक पुस्तक छापून सांगितले की या 'मुक्या' मद्यार्काला व्हिस्की म्हणणे ही लोकांची फसवणूक आहे. मुका मद्यार्क! काय नेमका शब्द आहे. धान्य कोणते, गाव कोणते, भांडे कोणते, काहीच बोलत नाही तो.

ते हरले. 1909 मध्ये ब्रिटिश राजआयोगाने निकाल दिला की यंत्रातलीही व्हिस्कीच. स्कॉटलंडच्या मिश्रणांनी बाजार नेला, पुढे आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध, अमेरिकेतली दारूबंदी, आणि एकेक भट्टी थंड पडत गेली. 1966 मध्ये उरलेल्या तीन घरांनी एकत्र येऊन एक कंपनी केली, 1975 मध्ये कॉर्कजवळ मिडलटनला नवा कारखाना सुरू झाला, डब्लिनच्या जुन्या भट्ट्या बंद झाल्या. एक काळ असा आला की सबंध आयर्लंड बेटावर दोनच डिस्टिलऱ्या उरल्या. मग मागणी मिश्रणाची, म्हणून पॉट स्टिल काढायची ती मिश्रणात घालण्यापुरती. आम्ही किला गेटला प्यायलो ती रेडब्रेस्ट मधली काही वर्षे बाजारातून नाहीशीच झाली होती. 1991 मध्ये ती परत आली. आज त्या बेटावर चाळीसच्या वर डिस्टिलऱ्या आहेत.

हे कसे झाले? पैसा ओतला गेला, जाहिरात झाली, हे खरेच. पण त्याबरोबर एक काम त्यांनी केले ते आम्हाला फुकट करता येण्यासारखे आहे. त्यांनी नावे दिली आणि ती सांभाळली. 2014 च्या नियमावलीत चारही जाती लिहून काढल्या: पॉट स्टिलमध्ये मोड आलेला जव निदान 30 टक्के आणि कच्चा जव निदान 30 टक्के हवाच, कुठलीही जात असो, बेटावरच लाकडी पिंपात तीन वर्षे मुरलेली हवी, पिंप 700 लिटरपेक्षा मोठे नको. म्हणून ग्वाल्हेरातल्या प्राध्यापकाला गच्चीवर बसून चार पेले चार नावांनी सांगता आले.

आमच्या फेणीला अशी नावे नाहीत काय? आहेत, मंडळी, भरपूर आहेत. काजूची आणि माडाची हा पहिला भेद, आणि तो जव आणि मका यांच्यातल्या भेदापेक्षा कितीतरी मोठा. बोंडे तुडवून काढलेला रस आपोआप आंबतो, बाहेरचे काही घालायचे नसते. पहिल्या उकळणीचा उर्राक, 15 ग्रावच्या आसपास. तो फेब्रुवारी-मार्च ते मे एवढाच प्यायचा, पावसाळ्यापर्यंत तो राहत नाही. उर्राकात आंबलेला रस घालून पुन्हा उकळली की फेणी, 19-20 ग्राव. काजुलो हा शब्द आजोबांच्या तोंडी होता. आज दोन भट्टीवाल्यांना विचारा, दोन अर्थ सांगतील. भाण मातीचे की तांब्याचे, बोंडे झाडावरून पडलेली की ओरबाडलेली, वाफ थंड करायला मडक्यावर पाणी ओतत राहिले की वळ्यांची नळी पिंपात बुडवली, या प्रत्येकाने चव बदलते. पारखायची रीतही आहे. थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे, वास घ्यायचा. मद्यार्क उडून गेल्यावर मागे बोंडाचा वास राहिला तर खरी. त्यात स्पिरिट मिसळलेले असेल तर हात मुके होतात.

आणि वासाबद्दलची तक्रार! वास येतो म्हणून फेणी नको म्हणणारा माणूस स्कॉटलंडच्या पीटचा, म्हणजे जळक्या मातीच्या धुराचा वास येणाऱ्या व्हिस्कीला हजारो रुपये मोजतो आणि 'काय स्मोकी आहे' म्हणून डोळे मिटतो. फणसाचा वास, सुक्या बांगड्याचा वास, हिंगाचा वास आम्हाला सोसतो. बोंडाचा मात्र सोसत नाही, कारण तो वास घेऊन बसलेला माणूस आम्हाला आमच्यातला वाटत नाही. खरी गोम इथे आहे. फेणीला नाक मुरडताना आम्ही भट्टीवाल्याला, रेंदेराला नाक मुरडत असतो.

कोणी म्हणेल, हे दारूचे गोडवे कशाला? दारूने घरे उद्ध्वस्त होतात हे मला ठाऊक आहे, आणि जो कशालाच शिवत नाही त्याच्याशी माझा वाद नाही. त्याच्यापुढे हात जोडतो. पण ही नीती आमच्याकडे फक्त फेणीच्या वेळी आठवते. व्हिस्कीचा पेला हातात घेऊन व्यसनमुक्तीवर बोलणारे मी पाहिले आहेत.

दुसरे एक टोळके आहे ते फेणीचे 'हितचिंतक'. त्यांचे म्हणणे, फेणी ओकच्या पिंपात मुरवा, रंग आणा, वास मारा, मग जग घेईल. मुरवणाऱ्यांनी खुशाल मुरवावी. पण बोंडाचा वास मारलेली फेणी हवी असेल तर कॉफीसाहेबाचे यंत्र 1830 पासून तयारच आहे. त्याच यंत्राच्या मालापुढे डब्लिनच्या भट्ट्या थंड पडत गेल्या होत्या.

कागदावर आमचेही सगळे झाले आहे. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. 2016 मध्ये राज्य सरकारने तिला गोव्याच्या वारशाचे पेय ठरवले. तिकडे मध्य प्रदेशानेही 2022 मध्ये मोहाच्या दारूसाठी वारसा मद्याचे धोरण आणले, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्यालाही आपली 'देशी' आठवली. पण कागदाने जीभ येत नाही. माडाची फेणी त्या 2009 च्या नोंदणीत नाहीच, आणि त्याबद्दल कोणी हळहळलेले मी ऐकले नाही. माडावर चढणारा माणूस दरवर्षी कमी होतो आहे. सीमेपलीकडे सिंधुदुर्गातल्या बागांत बोंडांचे ढीगच्या ढीग झाडाखाली कुजतात. इकडे काजूच्या डोंगरांची पावणी होते, बोली लावणारा पैसे भरतो, तीन महिने कुटुंबासकट डोंगरावर राबतो, आणि खरी फेणी घेऊन तवेर्नवाल्याकडे जातो तेव्हा त्याची गाठ पडते स्पिरिट मिसळलेल्या स्वस्त मालाशी. गिऱ्हाइकाला फरकच कळत नसेल तर तवेर्नवाल्याने जास्त पैसे का द्यावेत? हा फरक कळणे म्हणजे हौशी लोकांचा चोचलेपणा नव्हे. त्यावर डोंगरातली चूल पेटते की विझते ते ठरते.

आमच्या लोकांना फरक कळत नाही असे कोणी म्हणू नये. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघी एकाच अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतल्या. तरी दोघींच्या गाण्यातला फरक सांगणारी माणसे आमच्या गावोगावी होती, आजही आहेत. एका घराण्यातल्या दोन गळ्यांचा भेद ज्यांना कळतो त्यांना मातीच्या आणि तांब्याच्या भाणाचा भेद कळणार नाही? कान तयार करायला यांनी उमेदीची वर्षे घालवली. जिभेला एक उन्हाळाही दिला नाही.

बाटलीवर चार गोष्टी छापा, एवढेच माझे मागणे आहे: गाव, हंगामाचे वर्ष, भाण कशाचे, किती उकळण्या. भट्टीवाल्याला हे सगळे माहीत असते, त्याला कोणी विचारत नाही. विचारायला लागू या. गेल्या महिन्यात पणजीत एका ओळखीच्यांच्या षष्ट्यब्दीला गेलो होतो, चांगल्या हॉटेलात. यादीत व्हिस्क्या सव्वीस, त्यातल्या आयरिश तीन, प्रत्येकीपुढे वर्षे लिहिलेली. शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून मथळा, त्याखाली एकच शब्द: फेणी. मी वेटरला विचारले, काजूची की माडाची? तो म्हणाला, "विचारून येतो," आणि आत गेला.